पुण्याची जीटी, हाळीचा बाजार आणि तुझे सहा लाख

काका, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा उदगीर तालुक्यातला. सध्या लातुरात अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. वय २८, लग्न व्हायचंय. पाच वर्षांत सहा लाख साठवलेत, कर्ज काढायचं नाही. आजवर चालवली ती घरची बोलेरो आणि ट्रॅक्टर. पण शाळेत असल्यापासून वेगवान गाड्यांचं वेड आहे आणि पहिली गाडी तशीच घ्यायची आहे. तीन बघून ठेवल्यात. पुण्यात एका डीलरकडे २०१५ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ६८ हजार किलोमीटर, ताकद वाढवून स्टेज वन केलेली, मोठा सायलेन्सर, ५ लाख २० हजार सांगतोय. हैदराबादला फियाटची अबार्थ पुंटो, २०१६ची, साडेपाच लाख. आणि संभाजीनगरला स्कोडा लॉरा १.८ टीएसआय, २०११ची, साडेतीन लाख. तिथल्याच, आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली म्हणून तिच्यात जीव अडकलाय. बाबा म्हणतात, दुसऱ्यानं विकायला काढलेला बैल आणि दुसऱ्यानं विकायला काढलेली गाडी, दोन्ही खोडीचेच. त्यांना नवी छोटी गाडी हवीय. पुण्याचा डीलर म्हणतो, रविवारपर्यंत टोकन टाका, गिऱ्हाईक उभं आहे. काय करू?

— एक मास्तर, लातूर

* * *

मास्तर,

रविवारी टोकन टाकू नकोस. बाकी उत्तर वाचायला सवड नसेल तर एवढं पुरे.

'गिऱ्हाईक उभं आहे' हे मी गॅरेज चालवलं त्या तीस वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की त्या गिऱ्हाइकाची मला आता काळजी वाटायला लागली आहे. एवढी वर्षं उभं आहे बिचारं, कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही.

तुझ्या बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तुम्ही उदगीरकडचे, म्हणजे हाळीच्या बाजारात त्यांनी बैल घेतलेच असतील. त्यांना विचार, देवणी गोऱ्हा घेताना ते काय काय करतात. आधी किंमत विचारत नाहीत. दात बघतात, चालवून बघतात, खुरं बघतात, जमलं तर जुंपून बघतात, आणि विकणाऱ्याशी गप्पा मारता मारता कुणाच्या दावणीचं आहे, का विकतोय, हे काढून घेतात. शिंगं रंगवून, झूल घालून आणलेल्या बैलाकडं बघून ते भाळत नाहीत, उलट जास्त निरखून बघतात. तू मात्र फोटोतल्या झुलीवर भाळला आहेस. स्टेज वन आणि मोठा सायलेन्सर ही झूलच आहे. गाडी बघायला जाशील तेव्हा बाबांना सोबत ने. मस्करी नाही करत. त्यांना टर्बो कळत नसेल, पण विकणारा कुठं अडखळतो ते तुझ्याआधी त्यांना कळेल.

आता गाड्या. आधी पुण्याची, कारण तुझं मन तिथंच आहे.

पोलो जीटी टीएसआय आपल्याकडं २०१३ला आली. १.२ लिटरचं टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं) पेट्रोल इंजिन, १०५ पीएस म्हणजे घोड्यांची ताकद, १७५ न्यूटन मीटर म्हणजे पिळाचा जोर, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. त्या काळात त्या किमतीत असं काही मिळतच नव्हतं, म्हणून तिच्याभोवती भक्तमंडळ जमलं आणि ते रास्तच होतं. चालवायला गोड गाडी आहे. घट्ट, जड दाराची, हायवेला जमिनीला धरून चालणारी. प्रश्न त्या गिअरबॉक्सचा आहे.

हा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा. एक नव्हे, दोन क्लच. एक विषम गिअरांसाठी, एक सम गिअरांसाठी. तू दुसऱ्यात असतोस तेव्हा तिसरा आतून आधीच लागून तयार असतो, म्हणून बदल एवढा झटपट. पण क्लच तेलात बुडालेले नसल्यामुळं त्यांची उष्णता हवेतच जायची. आता तू फिजिक्सचा मास्तर, तूच सांग: गाडी लातुरातल्या गंजगोलाईच्या गर्दीत संध्याकाळी सहा वाजता मुंगीच्या गतीनं सरकते, क्लच अर्धवट घासत राहतो आणि बाहेर मे महिन्याचं ४२ डिग्री आहे. उष्णता कुठं जाणार? मोकळ्या हायवेवर हा गिअरबॉक्स राजा असतो, गर्दीत त्याचे हाल होतात. दुसरं दुखणं मेकॅट्रॉनिकचं. म्हणजे गिअर बदलायचा हुकूम देणारी आणि तो अमलात आणणारी जी एकत्र पेटी असते ती. ती गेली की खर्च लाखाच्या घरात जातो. सगळ्यांचीच जाते असं नाही. जाईल तेव्हा मात्र सांगून जात नाही.

त्यात हिला स्टेज वन केलेलं. म्हणजे इंजिनच्या संगणकातला नकाशा बदलून टर्बोचा दाब आणि इंधन वाढवलं. या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटरची. कंपनीनं १७५ दिले होते, म्हणजे भरपूर गाळा ठेवला होता. पहिल्या मालकानं तो गाळा खाल्ला. किती खाल्ला, कुणाकडून करून घेतलं, त्यानंतर गाडी कशी हाणली, यातलं काहीही डीलर तुला सांगू शकणार नाही, कारण त्यालाही माहीत नाही. इंजिनचा नकाशा परत मूळचा करता येतो. झिजलेला क्लच मूळचा करता येत नाही. शिवाय कायद्याचं आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीनं ठरवून दिलेल्या रचनेत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ला तेच सांगितलं. मोठ्या सायलेन्सरसाठी चौकात अडवलं तर दंड एकदाच भरशील. अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या माणसानं फेरफार काढून दाखवले तर मात्र दाव्याचे वांधे होऊ शकतात, आणि ते दुखणं मोठं.

पहिली गाडी म्हणून मूळ अवस्थेतलीच घ्यावी, या माझ्या हट्टामागं आणखी एक कारण आहे. तुला अजून हे मॉडेल मूळचं कसं चालतं तेच माहीत नाही. मग बिघाड कोणता आणि बदल कोणता, हे तुला ओळखू कसं येणार?

हैदराबादची अबार्थ पुंटो. अहाहा. १.४ लिटरचं टर्बो, १४५ घोडे, २१२ न्यूटन मीटर, हातानं टाकायचे पाच गिअर, चारही चाकांना डिस्क. बाहेरून साधीभोळी पुंटो, आत विंचू. तुझ्या तिघींत मला सगळ्यात जास्त आवडणारी हीच, आणि तुला सगळ्यात ठामपणे नको म्हणेन तीही हीच. फियाटनं भारतात गाड्या विकणं थांबवून बरीच वर्षं झाली. साध्या पुंटो-लिनियाचे भाग जुन्या बाजारात फिरून मिळतात, पण अबार्थचे खास भाग शोधणं म्हणजे स्वतंत्र नोकरी. तुझी एक नोकरी आहे. वर तेलंगणा पासिंग. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर तिकडची एनओसी आणून महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं भरावा लागतो. तिकडच्या कराचा परतावा मागता येतो, पण त्या हेलपाट्यांचं पेट्रोल धरलं तर हाती काय उरतं ते तूच मांडून बघ. ही गाडी अशानं घ्यावी ज्याच्याकडं रोजची दुसरी गाडी आहे, स्वतःचे पाने आहेत आणि बायकोची परवानगी आहे. तुझ्याकडं यातलं एकही नाही.

लॉराचं दुःख मला कळतं. शेंद्र्याचा कारखाना २००१ला ऑक्टाव्हियापासून सुरू झाला तेव्हा मी जालना रोडला गॅरेज टाकून बसलो होतो. आपल्या गावात जुळवलेली गाडी रस्त्यानं गेली की माणसं वळून बघायची. त्या अभिमानाला मी नावं ठेवणार नाही. पण २०११ची लॉरा १.८ म्हणजे १६० पीएसचं इंजिन, आणि त्या पिढीच्या या इंजिनची दोन दुखणी जगभर माहीत आहेत: टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली चेन ताणून धरणारा भाग, आणि तेल पिणं. टेन्शनर ढिला पडून चेन सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं. शिवाय २०२६मध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण. म्हणजे पुन्हा नोंदणी, फिटनेस आणि हरित कर. साडेतीन लाखांना ती स्वस्त का मिळतेय, याचं उत्तर यातच आहे.

हे सगळं सांगून मी तुझा हिरमोड करतोय असं वाटत असेल. तसं नाही. वेगवान गाडीच्या कागदावर पीएस असतात, न्यूटन मीटर असतात, सेकंद असतात. एक आकडा तिथं कधीच छापलेला नसतो: तुझ्या दारापासून त्या गाडीच्या जाणत्या मिस्त्रीपर्यंतचं अंतर. पुण्यात राहणाऱ्या पोराला जीटी परवडते, कारण तिचे डॉक्टर त्याच्या गल्लीत आहेत. एकानं लुटलं तर तो दुसऱ्याकडं जातो. तुझी गाडी मंगळवारी सकाळी 'गिअरबॉक्स एरर' दाखवून क्लासच्या दारात उभी राहिली तर? ती फ्लॅटबेड ट्रकवर चढवून पुण्याला किंवा हैदराबादला न्यायची, पंधरा दिवस तिथं पडू द्यायची, मिस्त्री फोनवर जो आकडा सांगेल त्याला हो म्हणायचं. म्हणून गाडी निवडण्याआधी लातुरात चार दिवस फिर. कोणाकडं गाडीच्या संगणकातले बिघाड वाचणारा कोणता स्कॅनर आहे, कोण टर्बोचं काम खरंच करतो आणि कोण 'होऊन जाईल' म्हणतो, ते बघ. मग त्या माणसाला झेपेल ती गाडी घे.

मी तुझ्या जागी असतो तर मारुतीची बलेनो आरएस शोधली असती.

नाक मुरडू नकोस. मार्च २०१७ला आली, २०२०ला बंद झाली. एक लिटरचं तीन सिलिंडरचं बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, १५० न्यूटन मीटर, फक्त हातानं टाकायचे गिअर, चारही चाकांना डिस्क. आणि वजन साडेनऊशे किलो. आता मांड गणित. टनाला १०७ पीएस पडतात. पोलो जीटीचं वजन ११०० किलोच्या आसपास, म्हणजे टनाला ९५. कागदावर कमी ताकदीची गाडी वजनाच्या हिशेबात पुढं आहे, हे तुझ्या पोरांना उदाहरण म्हणूनही देता येईल. त्या काळात ती फारशी कुणी घेतली नाही, कारण दिसायला शेजाऱ्याच्या बलेनोसारखीच. ते तुझ्या फायद्याचं. ब्रेक पॅड, सस्पेन्शन, दारं, काचा, एसी, बाकीचे बहुतेक भाग साध्या बलेनोचे, आणि ते लातुरात काय, अहमदपुरातही मिळतील. इंजिनच्या खास भागांना थांबावं लागू शकतं, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्याच घराण्यातलं एक लिटर टर्बो २०२३पासून मारुतीच्याच फ्रॉन्क्समध्ये आलंय, म्हणजे हे इंजिन पाहिलेले हात वाढतायत. आरएसचं स्टिअरिंग पोलोसारखं बोलकं नाही, दार लावल्यावर तो 'धप्प' आवाज येत नाही, हेही खरं. सगळं एका गाडीत मिळत नाही रे.

बलेनो मिळालीच नाही तर २०२०नंतरची एक लिटर टीएसआय पोलो किंवा स्कोडा रॅपिड, मॅन्युअल. ११० पीएस, सहा गिअर, डीएसजीची कटकट नाही. पण ती तुझ्या बजेटच्या वर जाईल, आणि ताणून घेऊ नकोस. फोर्ड फिगोचं १.५ डिझेलही झोपलेला वाघ आहे, १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर. फोर्डनं २०२१ला इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, म्हणून किंमत पडलेली असते. सुट्या भागांची सोय आधी बघून मगच तिच्याकडं वळ.

ताणून घेऊ नकोस म्हणालो त्याचा हिशेब असा. सहा लाख असतील तर गाडी पावणेपाचपर्यंतची. उरलेले सव्वा लाख पहिल्या वर्षाचे. जुनी गाडी घरी आली की सगळी तेलं, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदलायचं, विकणारा काहीही म्हणो. बॅटरी बहुधा शेवटच्या घटका मोजत असते. टायर चारही बदलायची तयारी ठेव, पंचवीस-तीस हजार तिथंच जातील. नाव ट्रान्सफर, विमा. जे वाचेल ते गाडीचंच, त्यातून मोबाइल घ्यायचा नाही.

तपासणीबद्दल बोलायचं तर आधी माझी फजिती ऐक. गॅरेज टाकून दहा वर्षं झाली होती, मला सगळं कळतं असा भ्रम होता. एक देखणी टर्बो डिझेल गाडी मुंबईहून आली, भाव इतका चांगला की रात्रीच पैसे दिले. रात्री. विजेरीच्या उजेडात. पहिल्या पावसापर्यंत ती झकास चालली. मग एकदा दिवे आपोआप लागले, एकदा काचा आपोआप खाली आल्या, आणि एका पहाटे हॉर्न वाजायला लागला तो वायर तोडेपर्यंत वाजत राहिला. गल्ली जागी झाली. गालिचा उचलला तर खाली मऊ, वाळलेला गाळ. गाडी पुरात बुडून निघाली होती. वायरिंगचे कनेक्टर एकेक करून हिरवे पडत होते. दोन वर्षं मी ते साफ करत होतो, आणि शेवटी नुकसानीत, खरं काय ते सांगून, भंगारवाल्याला दिली.

हे तुला सांगायचं कारण, २०२५च्या सप्टेंबरात आपल्याच मराठवाड्यात काय झालं ते तू पाहिलंस. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, सगळीकडं पाणी. त्या पाण्यात गाड्याही होत्या, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून, सेंट मारून बाजारात येणारच. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. धुणारा माणूस दिसणारा भाग धुतो, गुंडाळीत राहिलेला भाग विसरतो. तिथं गाळाची रेघ असेल तर मागं फीर. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात माती, हेडलाइटच्या आत धुरकट थर. आणि नाक. सेंटचा वास जितका जोरात, तितकी शंका जोरात.

सकाळी जा आणि विकणाऱ्याला आदल्या रात्री बजावून ठेव, मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर बोनेटला हात लाव. गरम असेल तर काहीतरी लपवायला ती आधी चालवलेली आहे. थंड इंजिन तुझ्यासमोर चालू होऊ दे. पहिल्या चार-पाच सेकंदांत खडखड आली तर चेनची शंका. मागं धूर बघ: निळसर म्हणजे तेल जळतंय, पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट आत जातंय. तेलाच्या झाकणाला आतून साईसारखा थर नको. मग चालवून बघ. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला चाळीसवरून पूर्ण दाब. टर्बोची ओढ एकसारखी भरत जायला हवी, मध्ये अडखळली किंवा दिवा लागला की झालं. क्लच चढाला घसरतो का बघ. हात सैल सोडून ब्रेक मार, गाडी कुठं ओढते ते दिसेल. रेडिओ बंद ठेव. विकणारा गाणं लावून देतोच.

स्कॅनर लावल्याशिवाय टर्बो गाडी घेऊच नको. नुसते बिघाडाचे कोड बघून भागत नाही, कारण कोड पाच मिनिटांत पुसता येतात. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' नावाची यादी असते, गाडीनं स्वतःच्या कोणत्या चाचण्या पुऱ्या केल्या ती. कोड पुसले की ही यादीही कोरी होते आणि पुन्हा भरायला बरंच चालवावं लागतं. सगळं 'नॉट रेडी' असेल तर तुझ्या येण्याआधी कुणीतरी पाटी पुसली आहे असं समज.

पुढच्या मडगार्डच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा, काचांवर छापलेली वर्षं वेगवेगळी, दारांच्या फटी कमी-जास्त, हे बाबा बघतील. मीटरवर विश्वास ठेवू नकोस. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि कोणत्या तारखेला किती किलोमीटरला आली होती ते विचार. ६८ हजारांची गाडी तीन वर्षांपूर्वीच ९० हजारांना आलेली असते, असंही मी पाहिलंय.

कागदांचं थोडक्यात. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, चलन थकलेत का ते बघ. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढं जायचं नाही. नाव ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. आरटीओ बदलत असेल तर एनओसीचा फॉर्म २८ही. पुण्याची गाडी लातूरला आणली तरी एमएच १२ नंबर तोच राहतो, फक्त नाव आणि पत्ता बदलतो. विम्याकडं बहुतेकांचं दुर्लक्ष होतं: गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायचा अर्ज दे. थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची बाजू, आपोआप तुझ्याकडं येते, पण तुझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा नाव बदलेपर्यंत लागू होत नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) त्याचा, तुझा नाही. आणि डीलर रोख मागेल. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, हे त्याला हसत सांग आणि बँकेतूनच दे.

पेट्रोलचंही एक. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्यात काही आपल्याच उसाचंही. २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या एवढं इथेनॉल धरून बनवलेल्या नाहीत. घाबरायचं नाही, पण इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील मिस्त्रीला बघायला लाव, ॲव्हरेज थोडं कमी धर, आणि उन्हाळी सुट्टीत गाडी दोन महिने अर्ध्या टाकीवर उभी करून गावाला जाऊ नकोस.

तू समृद्धीचं काही लिहिलं नाहीस, पण जालन्याला जाऊन समृद्धीला लागायचा बेत तुझ्या डोक्यात असणारच. मर्यादा ताशी १२०ची आहे. तापलेलं काँक्रीट, सलग वेग आणि जुनं टायर हे त्रिकूट वाईट. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, पाच-सहा वर्षांच्या पुढचं टायर त्या रस्त्याला नेऊ नकोस. हवा सकाळी थंड टायरमध्ये भर.

पण मला तुझी काळजी समृद्धीची नाही, औसा रोडची आहे. नोव्हेंबर ते मार्च, कारखाने चालू, रात्री साडेनऊ. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीनं माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. बोलेरोत तू साठनं असायचास, कारण ती त्यापुढं कुरकुरायची. टर्बो गाडी नव्वदला कधी गेली ते कळत नाही, आवाजच येत नाही. पहिले तीन महिने रात्री सत्तरच्या वर जाऊ नको. आणि एखाद्या रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर, मागं कोणी नाही हे बघून, साठवरून पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबून बघ. चाकं लॉक होऊ न देणारा एबीएस पायाखाली कसा थरथरतो ते एकदा अनुभवलेलं असलं की ट्रॉलीसमोर पाय दचकून उचलला जात नाही.

बाबांचं राहिलं. नवी छोटी गाडी घे म्हणतात त्यामागं बहुधा आईच्या गुडघ्यांचा विचार आहे, तू पत्रात लिहिलं नसलंस तरी. बलेनोत मागं ऐसपैस बसता येतं, पोलोत नाही. तुळजापूरला आईला मागं बसवून नेऊन आणलंस की घरातला निम्मा विरोध मावळेल. आरएस म्हणजे काय ते मात्र त्यांना सांगत बसू नकोस, बलेनो घेतली म्हण.

गाडी सापडली की स्कॅनच्या कागदाचा, तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा आणि ओढलेल्या सीटबेल्टचा फोटो मला पाठव. बाहेरून चकाकणाऱ्या गाडीचा नको.

— तुझा काका